एक कोटी वीस लाख सभासद मोजले कुणी?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका आलेखाच्या जिवावर अख्खा संशोधन-प्रस्ताव उभा केला होता. आलेख साधाच होता. आडव्या अक्षावर वर्षं आणि उभ्या अक्षावर अमेरिकेतल्या पालक-शिक्षक संघांची, म्हणजे पीटीएची, सभासदसंख्या. रेघ चढत चढत १९६०च्या पुढे शिखराला पोचते आणि मग दरड कोसळावी तशी खाली येते. १९६४ मध्ये एक कोटी वीस लाखांहून जास्त सभासद, १९८२ मध्ये जेमतेम पन्नास लाख, आणि नव्वदच्या दशकात थोडं सावरून सत्तर लाखांच्या आसपास. हे आकडे रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्रज्ञाने १९९५ साली ‘बोलिंग अलोन’ या निबंधात मांडले आणि २००० साली त्याच नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकन माणूस एकत्र यायचा बंद झाला. पूर्वी बोलिंग खेळायलासुद्धा संघ करून जायचा, आता एकटाच जातो.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालंय. इतकी स्वच्छ रेघ दिसली की आमच्यासारख्यांचा हात आपोआप समीकरणाकडे जातो. मीही लगेच चलं ठरवली: नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण, दूरदर्शन संच, घटस्फोट, शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या. गाइड मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, “हे सभासद म्हणजे कोण गं? यांना मोजलं कुणी आणि कशासाठी?”

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला! संघटनेनेच मोजले असणार. पण या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं दीड वर्ष गेलं आणि प्रबंधाचा विषयच बदलला. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना ही गोष्ट सांगायची आहे, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात आत्ता असाच एखादा सुंदर आलेख असेल.

सुरुवात १७ फेब्रुवारी १८९७ पासून करू. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’ची, म्हणजे मातांच्या राष्ट्रीय परिषदेची, पहिली सभा भरली. कल्पना ॲलिस बर्नी यांची आणि पैशांचं मुख्य पाठबळ फीबी हर्स्ट यांचं. बर्नी जॉर्जिया राज्यातल्या. हर्स्ट म्हणजे खाणमालक सिनेटरच्या पत्नी आणि पुढे वर्तमानपत्रांचं साम्राज्य उभारणाऱ्या विल्यम हर्स्टच्या आई. बालवाड्यांना सढळ हाताने मदत करणाऱ्या. आयोजकांना थोड्या लोकांची अपेक्षा होती, आले दोन हजारांहून जास्त. बाईला देशभर मताचा अधिकार मिळायला अजून तेवीस वर्षं होती. त्यामुळे “आम्ही आया म्हणून बोलतोय” ही सार्वजनिक जागेत शिरायची एक मान्य वाट होती. बालमानसशास्त्राचा तेव्हा नवा जोर होता आणि मूल वाढवणं हे शिकायचं शास्त्र आहे, हा विश्वास या सगळ्या मंडळींत होता. (पुरुषांनीही या व्यासपीठाचा हवा तसा उपयोग केला. १९०५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना याच परिषदेसमोर बोलले आणि मुलं होऊ न देणाऱ्यांना त्यांनी चांगलंच झोडलं. आज वाचताना भाषण अंगावर येतं.)

लक्षात घ्या, या संघटनेच्या नावात तेव्हा ना शाळा होती ना शिक्षक. १९०८ मध्ये ‘आणि पालक-शिक्षक संघ’ हे शेपूट जोडलं गेलं. १९२४ मध्ये ‘माता’ हा शब्द गेला आणि ‘पालक आणि शिक्षकांची राष्ट्रीय काँग्रेस’ झाली. म्हणजे माझ्या आलेखातली रेघ जिथून सुरू होते तिथली संस्था आणि जिथे शिखर गाठते तिथली संस्था, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजपट्टी तीच, पण मोजायची वस्तूच बदललेली. प्रयोगशाळेत असं झालं तर आपण नोंदवहीवर काट मारतो.

आता संघ चालायचा कसा, ते बघू, कारण आकडा तिथूनच येतो. तळाला एकेका शाळेचा स्थानिक संघ. वर राज्याची काँग्रेस. त्याच्या वर राष्ट्रीय काँग्रेस. स्थानिक संघात जो वर्गणी भरेल तो सभासद. पालक असो की शिक्षक. सक्ती नाही. वर्गणीतला काही भाग शाळेच्या संघाकडे राहतो, काही राज्याकडे आणि काही राष्ट्रीय कचेरीकडे जातो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडून येतात. आधी एक नामनिर्देशन समिती नावं सुचवते. मुख्याध्यापक सभेत असतो, पण संघ त्याचा नसतो. सभा रीतसर: मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, खजिनदाराचा हिशेब, समित्यांचे अहवाल, ठराव, अनुमोदन. पैसा उभा करायला घरचे केक विकायचे, जत्रा भरवायची. त्यातून शाळेला पियानो, ग्रंथालयाला पुस्तकं, मुलांना दूध. १९२५ पासून एक मोहीम चालली, तीत पहिलीत जाणाऱ्या मुलांची उन्हाळ्यातच वैद्यकीय तपासणी करून घ्यायची, म्हणजे दोष शाळा सुरू व्हायच्या आधी दुरुस्त होतील.

तर ‘सभासद’ म्हणजे सभेला येणारा माणूस नव्हे. सभासद म्हणजे वर्गणीची पावती. राष्ट्रीय कचेरीत जो आकडा जमा व्हायचा तो वर पोचलेल्या पैशांचा हिशेब होता. एकाच घरातले आई आणि वडील दोघांनी भरले की दोन. मुलाच्या शाळेचा संघ राष्ट्रीय काँग्रेसमधून बाहेर पडला, पण त्याच आया त्याच गुरुवारी त्याच खोलीत बसून तोच हिशेब करत राहिल्या, तर आकडा शून्य. हे दुसरं उदाहरण काल्पनिक नाही. सत्तरच्या दशकात असंख्य शाळांनी पीटीए सोडून स्वतःचे स्वतंत्र पालक-संघ काढले. वर्गणी वर पाठवायची नव्हती, राष्ट्रीय संघटनेच्या भूमिका पटत नव्हत्या, अशी अनेक कारणं. पटनमने पुस्तकात ही गोष्ट नोंदवलीय. मी मात्र निबंध वाचून आलेख काढला होता आणि पुस्तकाचं ते प्रकरण नंतर वाचलं. (ही चूक करू नका. कुणी केली म्हणून सांगू नका, पण करू नका.)

इथपर्यंत ही फक्त मोजमापाची अडचण होती. मी मनात म्हटलं, ठीक आहे, एक दुरुस्ती-गुणक लावू. पण मग मला दुसरी संघटना सापडली.

अटलांटामध्ये सेलिना स्लोन बटलर नावाच्या कृष्णवर्णीय बाई होत्या. १८७२ चा जन्म, स्पेलमनमध्ये शिकलेल्या, नवरा डॉक्टर. मुलगा बालवाडीच्या वयाचा झाला तेव्हा जवळपास कृष्णवर्णीय मुलांसाठी बालवाडीच नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या घरात ती सुरू केली. मुलगा यंग स्ट्रीट शाळेत जायला लागला तेव्हा त्या शाळेत १९११ मध्ये पालक-शिक्षक संघ काढला. हळूहळू इतर शाळांत, मग राज्यात, आणि १९२६ मध्ये ‘नॅशनल काँग्रेस ऑफ कलर्ड पेरेंट्स अँड टीचर्स’ ही वेगळी राष्ट्रीय संघटना अटलांटात उभी राहिली. बर्नीही जॉर्जियाच्या, बटलरही जॉर्जियाच्या. पण नियम असा पडला, की संघ शाळेला चिकटलेला असतो. आणि दक्षिणेत कायद्यानेच शाळा दोन होत्या. शाळा दोन, म्हणून संघ दोन, म्हणून काँग्रेस दोन. कुणालाही कुठल्या ठरावात वाईट शब्द लिहावा लागला नाही. रचनाच ते काम करत होती.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) दोन्हींची घटना जवळजवळ सारखी. तीच पदं, त्याच समित्या, तीच सभेची रीत. पण एकाच कलमाचा अर्थ दोन ठिकाणी किती वेगळा होतो, ते मला इथे पहिल्यांदा कळलं. पीटीएच्या घटनेत एक प्रसिद्ध कलम असायचं: संघ शाळेला सहकार्य करेल, पण शाळेच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही आणि तिच्या धोरणावर ताबा मागणार नाही. गोऱ्या उपनगरातल्या आईला हे कलम सोसण्यासारखं होतं. शाळामंडळ तिच्याच शेजाऱ्यांनी भरलेलं असायचं आणि न पटणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत पाडता यायचं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय आईचं काय? बहुतेक ठिकाणी तिला मतदानापासून लांब ठेवलेलं, शाळामंडळ पूर्ण गोरं. तिच्यासाठी संघाची बैठक हीच एक जागा होती जिथे शाळेबद्दल रीतसर, इतिवृत्तात नोंद होईल असं बोलता यायचं. आणि घटना म्हणत होती, ताबा मागू नका.

त्यांनी ताबा मागितला नाही, त्यांनी शाळाच बांधल्या. १९१२ ते १९३२ या काळात रोझेनवाल्ड निधीच्या मदतीने दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा-इमारती उभ्या राहिल्या. त्यात गावकऱ्यांनी आपली जमीन, लाकूड, श्रम आणि रोख पैसा घातला. कर भरायचा तो भरायचाच, त्या करातून गोऱ्यांच्या शाळा व्हायच्या, आणि आपल्या मुलांसाठी परत खिशातून काढायचे. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला दुहेरी कर म्हटलंय. व्हेनेसा सिडल वॉकर यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल परगण्याच्या एकाच शाळेवर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. ते वाचा, विषय कुठलाही असो, वाचाच. तिथला पीटीए केक विकून पियानो घेणारा संघ नव्हता. शाळामंडळ जे देत नव्हतं ते उभं करणारी ती जवळजवळ समांतर यंत्रणा होती. दोन्हीकडे पावती वर्गणीचीच फाटायची, पण त्या पावतीमागचं वजन सारखं नव्हतं. माझ्या आलेखात मात्र एक सभासद म्हणजे एक सभासद.

कागदपत्रांतला एक बारकावा सांगते, कारण अभिलेखागारात जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. गोऱ्या संघांच्या यादीत बाया नवऱ्याच्या नावाने असतात. खुद्द संस्थापक ॲलिस बर्नी कागदांत ‘मिसेस थिओडोर बर्नी’ म्हणून भेटतात. सुरुवातीला मला चीड यायची, शोधताना जीव जायचा. कृष्णवर्णीय संघांच्या यादीतही ‘मिसेस’ असतं. तिथेही मी तोच शिक्का मारून मोकळी झाले. मग कळलं, की दक्षिणेतला गोरा दुकानदार किंवा कारकून कृष्णवर्णीय बाईला ‘मिसेस’ म्हणतच नसे. पहिल्या नावाने हाक मारायचा, वय सत्तर का असेना. आपल्या संघाच्या छापील यादीत प्रत्येकीच्या नावामागे ‘मिसेस’ लावणं हा तिथे मान मागण्याचा प्रकार होता. तोच शब्द, त्याच रकान्यात, आणि अर्थ उलटा. हे कुठल्याही कोडिंगच्या तक्त्यात आधी ठरवून लिहिता आलं नसतं.

१९५४ हे वर्ष माझ्यासाठी विचित्र आहे. एम.एस्सी.ला आम्हाला त्या वर्षीची साल्क पोलिओ लशीची चाचणी शिकवली होती. जवळपास अठरा लाख मुलांवरचा तो प्रचंड प्रयोग एप्रिलमध्ये सुरू झाला. एका भागात दुसरीतल्या मुलांना पालकांची संमती घेऊन लस दिली आणि पहिली-तिसरीतल्या मुलांशी तुलना केली. आमचे सर फळ्यावर विचारायचे, “यात खोट कुठे आहे?” खोट अशी, की संमती देणारी घरं बहुतेक सुस्थितीतली होती, आणि पोलिओचा गंभीर आजार अशाच घरांतल्या मुलांना जास्त होई, गरीब वस्तीतल्या मुलांना लहानपणीच सौम्य संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती आलेली असे. म्हणजे ‘राजी असलेले’ हा गट बाकीच्यांपेक्षा मुळातच वेगळा. हे उदाहरण मी परीक्षेत दोनदा लिहिलंय. पण त्या शाळांमध्ये रांगा लावायला, अर्ज गोळा करायला ज्या स्वयंसेवक बाया उभ्या होत्या त्यांच्यात पीटीएच्या आया होत्या, हे मला संख्याशास्त्राच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. आणि चाचणी सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निकाल दिला: सरकारी शाळांमध्ये वर्णावरून मुलं वेगळी करणं घटनाबाह्य आहे.

शाळा एक झाल्या तर संघही एक व्हायला हवेत. व्हायला सोळा वर्षं लागली. २२ जून १९७० रोजी अटलांटात दोन्ही काँग्रेस विलीन झाल्या. अधिकृत इतिहासात हा आनंदाचा प्रसंग आहे, आणि एका अर्थी तो आहेच. बटलरांचं नाव आज संस्थापकांमध्ये घेतलं जातं. तो मान मात्र त्यांना मृत्यूनंतर मिळाला. पण ‘विलीन’ या शब्दाकडे जरा थांबून बघा. दक्षिणेत शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या, गोऱ्यांच्या राहिल्या. वॉकर यांच्या पुस्तकातली शाळाही १९६९ मध्ये संपली. हजारो कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. शाळा गेली की तिचा संघ गेला. मुलं दुसऱ्या शाळेत गेली आणि आया अशा सभागृहात जाऊन बसल्या जिथे पदं आधीच वाटली गेली होती. दुसरीकडे दक्षिणेतल्या काही गोऱ्या पालकांनी राष्ट्रीय संघटनाच सोडली, कारण तिने एकत्रीकरणाला पाठिंबा दिला. क्रिस्टीन वॉयश्नर यांचं २००९ चं पुस्तक या दोन काँग्रेसांचा इतिहास नीट सांगतं. सुसान क्रॉफर्ड आणि पेगी लेव्हिट यांनी १९९९ मध्ये पटनमच्या याच आकड्यांना धरून लेख लिहिला, तोही बरोबर ठेवा.

म्हणजे माझ्या आलेखातल्या त्या कोसळणाऱ्या रेघेत अनेक प्रकारची माणसं एकत्र खाली येत होती. नोकरीला लागलेली आई. वर्गणी वर पाठवायला कंटाळलेला, पण रोज भेटणारा संघ. वेगळ्या रंगाच्या आईशेजारी बसायला नको म्हणून निघून गेलेली बाई. आणि जिची शाळाच उरली नाही अशी बाई. समीकरणात या सगळ्यांना मी ‘घट’ म्हणत होते.

आता घरची गोष्ट. महाराष्ट्रात खासगी शाळांचा पालक-शिक्षक संघ २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने बांधलेला आहे, आणि तो अमेरिकन संघाच्या अगदी उलट्या टोकाचा आहे. वर्गणीची पावती फाडून सभासद व्हायचं नाही. शाळेत मूल असलं की पालक आपोआप सभासद. कार्यकारी समितीचा अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांपैकी, सचिव शिक्षकांपैकी. समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. आणि ही समिती कारभारात पडायचं नाही असं म्हणत नाही. उलट व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव तिच्यापुढेच ठेवायचा. सरकारी शाळांतली शाळा व्यवस्थापन समिती आणखी निराळी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे तिचा अध्यक्ष पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. जिथे फी भरावी लागते तिथे मुख्याध्यापक खुर्चीत आणि जिथे फी नाही तिथे पालक खुर्चीत, ही रचना कशी घडली, यावर कुणीतरी काम करायला हवं. विषय मोकळा आहे, घ्या.

शुल्क कायद्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पालक निवडायला निवडणूक नाही, सोडत आहे. चिठ्ठ्या टाकायच्या! संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला कायद्यात यादृच्छिक निवड सापडली की किती आनंद होतो, ते सांगता येणार नाही. तो आनंद पुढच्याच शब्दापर्यंत टिकला. चिठ्ठ्या ‘इच्छुक’ पालकांच्या टाकायच्या. फळ्यावरची ती दुसरीतली मुलं लगेच आठवली. कामाचा दिवस बुडवून सभेला बसणं ज्याला परवडतं तोच इच्छुक होतो, मग चिठ्ठी कितीही प्रामाणिकपणे उचला.

माझी आई एका वर्षी आमच्या शाळेच्या संघात होती. हा कायदा यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही. ती शिवणकाम करायची, सभेचं पत्र दुपारी यायचं, सभा सकाळी होऊन गेलेली असायची. मग शिपाई एक लांब वही घेऊन घरी यायचा आणि ती मशीनवरून उठून सही करायची. त्या वहीवरून उद्या कुणी संशोधन केलं तर आमच्या शाळेतल्या पालकांची उपस्थिती शंभर टक्के निघेल.

प्रस्ताव दुसऱ्यांदा लिहिताना मी तिला फोन केला आणि विचारलं, तू अशा किती सभांना सही केलीस. ती म्हणाली, “सह्या सात-आठ असतील. सभा कशी असते ते मात्र तू बघून सांग मला.”